वाटणीत आलेली लेन्स

४ जानेवारी

अखेर आज वाटणी झाली. लोकांचे भाऊ घरावरून भांडतात, जमिनीवरून भांडतात. आम्ही कॅमेऱ्याच्या सामानावरून वेगळे झालो. ज्या लांब टेबलावर इतकी वर्षं दोघांनी मिळून फोटो कापले, त्यावरच सगळं मांडलं होतं.

वडिलांनी घालून दिलेली रीत अशी, की मोठ्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. म्हणजे मोठ्याला लबाडी करता येत नाही. वडील भोळे होते. ज्याला समोरच्याचा स्वभाव माहीत आहे, त्याला काय करता येत नाही?

एका बाजूला मी मोठी लेन्स ठेवली, सत्तर-दोनशेची, म्हणजे सत्तर ते दोनशे मिलिमीटरची झूम. जड, लांब, अंधारातही काम करणारी. नाटक असो, भाषण असो, लांबून माणूस टिपावा तो हिनेच. तिच्याबरोबर नवा कॅमेरा आणि एका पायाचा स्टँड. दुसऱ्या बाजूला उरलेलं सगळं: जुना कॅमेरा, पन्नासची साधी लेन्स, चेहऱ्यांसाठीची पंच्याऐंशीची, मोठ्या घोळक्यासाठीची रुंद लेन्स, दागिने अगदी जवळून घ्यायची एक, दिवे, छत्र्या, फ्लॅश. मोजायला गेलं तर दुसरा वाटा ढीगभर. पण मोठी लेन्स ती मोठी लेन्स. धाकटा भिडस्त आहे. माझ्यासमोर तो तिला हात लावणार नाही याची मला खात्री होती.

तो बराच वेळ टेबलाकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, कॅमेरे तेवढे अदलाबदल करूया का? मोठी लेन्स आणि जुना कॅमेरा एकत्र राहू देत. तुझ्याकडे राहू देत नाहीतर माझ्याकडे, पण एकत्र."

मला हसूच आलं. म्हणजे नवा कॅमेरा याला पाहिजे आणि झिजलेलं डबडं माझ्या गळ्यात! मी म्हणालो, "वाटे केलेत. उचलायचं असेल ते उचल."

"ऐक तरी. त्या कॅमेऱ्यात मी त्या लेन्सचं..."

"मला लेन्स शिकवू नकोस."

तो गप्प झाला. मग त्याने दुसरा वाटा उचलला. मला वाटलं होतं तसंच. खोकी टेम्पोत भरली आणि गेला. बायको आतून चहा घेऊन आली तोवर टेम्पो वळणावर गेला होता. "भाऊजींनी चहा नाही घेतला," असं ती मला तीनदा म्हणाली, जणू मीच कप लपवून ठेवला होता.

एवढं सगळं कशावरून, तर दिवाणखान्यात बसून तो मला म्हणाला, "दादा, एखादं काम माझ्या नावाने करू दे." मी म्हणालो, "तू दिवे धरतोस ना, ते फार छान धरतोस." यात मी वाईट काय बोललो? कौतुकच केलं.

या वहीत लिहायचं ठरवलं आहे. पूर्वी दिवसभराची कुरकुर स्टुडिओ बंद करताना त्याच्याजवळ व्हायची.

९ जानेवारी

सकाळी बागेत एका कुटुंबाचं काम. लख्ख ऊन. मोठ्या लेन्सने कमाल केली. एकेका केसाची धार दिसते आहे. नवा कॅमेराही हलका. मनात म्हटलं, बघ बाबा, डबडं कोणाकडे गेलं.

एक गंमत लिहून ठेवतो. काम करताना माझा डोळा कॅमेऱ्याला असतो आणि लेन्स बदलायची वेळ आली की डावा हात आपोआप मागे जातो, तळवा वर. त्यात लेन्स येऊन पडते. पाहिजे तीच. कुठली ते मला कधी सांगावं लागलं नाही. मी मनात ठरवायचो आणि ते त्याला कळायचं. त्याचं तेवढं कसब मी नेहमीच मानत आलो आहे. आज हात मागे गेला आणि तसाच राहिला. त्या घरातल्या लहान मुलीला वाटलं मी टाळी मागतोय. तिने दिली.

२१ जानेवारी

लग्नाचं काम. धाकट्याकडे गेलेल्या लेन्सच्या जागी मी नव्या घेतल्या, रुंद तर पहिलीहून रुंद. सगळं वऱ्हाड एका फोटोत मावतं. मदतीला बायकोला नेलं. तिला सकाळी बसवून शिकवलं होतं: चेहरा असला की ही, घोळका असला की ती, बांगड्या-अंगठ्या असल्या की ही छोटी. ती मान डोलवत होती.

लग्नात मी हात मागे केला तर तिने पाण्याची बाटली दिली. दुसऱ्यांदा केला तर लेन्सचं झाकण दिलं. मी वळून बघितलं तेव्हा म्हणाली, "डोळे वटारू नका. काय पाहिजे ते तोंडाने सांगा."

सांगायला गेलो तर मलाच पटकन सुचेना. वरमाईचा चेहरा पंच्याऐंशीने घ्यावा की झूमने? मागची रोषणाई येऊ द्यावी की नको? हे मी कधी ठरवत होतो, कसं ठरवत होतो, काही आठवेना. गर्दीमुळे झालं असणार. आवाजही फार होता.

२८ जानेवारी

लग्नाचे फोटो दिले होते. आज त्यातली एक बाई घोळक्याचा फोटो घेऊन तणतणत आली. "हे काय काढलंय? या कडेच्या बाई बघा! पिंप दिसतायत."

मी शांतपणे म्हणालो, "ताई, कॅमेरा खोटं बोलत नाही. त्या बाई असतीलच तशा."

"ती बाई मी आहे," ती म्हणाली.

समोर उभी होती ती काडीसारखी. मी फोटो बघितला, तिला बघितलं. रुंद लेन्स कडेच्या माणसांना आडवी ओढते, हे काय मला माहीत नाही? शाळकरी चूक. पण धाकटा घोळक्याच्या वेळी नेहमी मध्येच तोंड घालायचा, "दादा, चार पावलं मागे ये," आणि कडेला लहान मुलं नेऊन उभी करायचा. मला वाटायचं, काम नाही म्हणून लुडबुड करतो आहे. फोटो परत काढता येत नाही, लग्न झालं ते झालं. त्या बाई जाताना म्हणाल्या, "तुमचे ते भाऊ कुठे असतात हल्ली?" मी सांगितलं, माहीत नाही.

६ फेब्रुवारी

आनंदाची बातमी. नाटकवाल्या बाईंचा फोन आला. आयुष्यभर रंगमंचावर उभ्या राहिलेल्या बाई. त्यांच्या पहिल्या नाटकापासूनचे फोटो आमच्या स्टुडिओचे. आता त्या थांबतायत. एक शेवटचा प्रयोग, आणि त्यानंतर नाट्यगृह त्यांच्यावर फोटोंचं मोठं पुस्तक काढणार. शेवटच्या प्रयोगाचं काम मला. शिवाय नाट्यगृहाचे व्यवस्थापक म्हणाले, काम आवडलं तर पुढची सगळी नाटकं तुमच्याकडे.

हे व्हायलाच हवं. लग्नाची दोन कामं हातची गेली आहेत. नाट्यगृहाचं काम लागलं तर स्टुडिओ उभा राहील, नाहीतर या जागेत मी ओळखपत्राचे फोटो काढत म्हातारा होईन.

बाई म्हणाल्या, "अहो फोटोवाले, दोघं येणार ना?"

मी म्हणालो, "तो आता वेगळा झाला."

बाईंनी तालमीची वेळ सांगितली. मग म्हणाल्या, "बरं. या तुम्ही."

१७ फेब्रुवारी

तालमीला गेलो होतो. पुढच्या रांगेतून, मोठ्या लेन्सने, मंद उजेडात बाईंचे शंभरेक फोटो काढले. घरी येऊन पडद्यावर मोठे करून बघितले. बाईंच्या कानातला खडा चकचकीत, त्यावरचा ओरखडासुद्धा दिसतो. डोळे मात्र पुसट. एका नाही, सगळ्या फोटोंत. फोकस डोळ्यांवर धरावा आणि तो जाऊन कानावर बसावा!

बागेत असं झालं नव्हतं. पण बागेत लख्ख ऊन होतं, लेन्सचं भोक बारीक ठेवता आलं, त्यात असल्या चुका झाकून जातात. अंधारात लेन्स पूर्ण उघडावी लागते आणि मग बोटभर चूकही लपत नाही. म्हणजे हा दोष आधीपासूनच होता आणि मला ठाऊक नव्हता. मग इतकी वर्षं नाटकांचे फोटो चांगले कसे येत होते?

मी लेन्सला शिव्या घालत होतो. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी जेवलो नाही.

२० फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याच्या तोंडात सदैव दात कोरायची काडी असते, म्हणून सगळे त्याला काडीच म्हणतात. त्याने लेन्स लावून भिंतीवरच्या पट्ट्यांचे फोटो काढले आणि म्हणाला, "लेन्स बरी आहे. कॅमेराही बरा आहे. दोघांचं एकमेकांशी जमत नाही, एवढंच."

"म्हणजे?"

"म्हणजे ही लेन्स जन्मापासून थोडी मागे बघते. असतात अशा. कॅमेऱ्यात एक सोय असते, आत आकडा भरून ठेवायचा, की बाबा ही लेन्स लावली की तू थोडं पुढे ओढ. तुमच्या जुन्या कॅमेऱ्यात तुमच्या भावाने भरून ठेवलाय. दर सहा महिन्यांनी इथे बसून तपासून जायचा. तो आणा, चोख चालेल."

मी म्हणालो, "मग नव्यात भर आकडा."

काडी या गालातून त्या गालात गेली. "नव्यात ती सोय नाही. नवा म्हणजे वरचा नव्हे हो. जुना वरच्या दर्जाचा होता. भावाला माहीत आहे की."

लेन्स कंपनीकडे पाठवून सरळ करता येईल का, असं विचारलं. म्हणाला, महिने लागतील, आणि इतक्या जुन्या लेन्सला ते हात लावतील याची खात्री नाही.

रस्त्याने येताना राग राग झाला. त्याला माहीत होतं! माहीत होतं तर ओरडून सांगायचं, टेबलावर मूठ आपटायची. एक वाक्य अर्धवट बोलायचं आणि गप्प बसायचं, याला काय सांगणं म्हणतात?

त्याला मीच गप्प केलं होतं, हे इथे लिहिलेलं आहे. वही उघडली की वरच दिसतं.

२३ फेब्रुवारी

हाताने फोकस करून बघतो आहे. बायकोला खुर्चीवर बसवतो, लेन्सची कडी फिरवतो. दहातले तीन बरे येतात. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. आधी आपोआप फोकस लावायचा आणि मग कडी अंदाजाने थोडी पुढे घ्यायची, असंही केलं. कधी जमतं.

बायको म्हणाली, "मी भाऊजींना फोन करते. एका दिवसापुरता कॅमेरा मागायचा, त्यात काय एवढं?"

"खबरदार."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," ती म्हणाली आणि खुर्चीवरून उठून गेली.

तिला कळत नाही. मोठ्याने वाटे केले, धाकट्याने उचलले. आता मोठा त्याच्या दारात जाऊन म्हणणार, तुझ्या वाट्यातलं दे? मग वाटे मीच चुकीचे लावले असं होईल.

१ मार्च

प्रयोग झाला. आजच लिहितो, नाहीतर उद्या मी ते वेगळं लिहीन.

बाजूच्या वाटेत, मधल्या रांगेपाशी, एका पायाचा स्टँड लावून उभा होतो. पहिला अंक हाताच्या अंदाजावर काढला. काही येतील, काही जातील. खरा फोटो शेवटी होता. नाटकाच्या शेवटी बाई घर सोडून निघतात, दारापर्यंत जातात आणि वळून एकदा मागे बघतात. सगळे दिवे विझतात, एकच त्यांच्या चेहऱ्यावर राहतो. पुस्तकाचं मुखपृष्ठ तेच, हे व्यवस्थापकांनी दहा वेळा सांगितलं होतं.

मध्यंतरात बाहेर आलो तर धाकटा उभा. दाढी वाढलेली, खांद्याला पिशवी. मी म्हणालो, "तू इथे कसा?"

"बाईंनी बोलावलं. भेटायला." मग पिशवीतून जुना कॅमेरा काढला. त्याच्यावरची पन्नासची छोटी लेन्स उतरवून खिशात टाकली आणि कॅमेरा माझ्यापुढे धरला. "दादा, हा लाव. आजच्यापुरता. काडी भेटला होता मला."

आजूबाजूला सगळे ओळखीचे होते. व्यवस्थापक चहा पीत आमच्याकडेच बघत होते. माझ्या मनात आलं, आता मी हा घेतला तर उद्या सगळीकडे होणार, की धाकट्याने येऊन निभावून नेलं. याचसाठी आला असेल. माणसं बघून, वेळ साधून.

मी म्हणालो, "माझं माझ्याकडे आहे."

"दादा, दारातला फोटो आहे. तिथे उजेड नाही. हाताने नाही जमणार."

"तू तुझं बघ."

तो आणखी थोडा वेळ कॅमेरा धरून उभा राहिला. माझा हात खिशात होता. तो बाहेर काढायचा होता, बाकी काही करायचं नव्हतं. नाही निघाला. घंटा झाली तसं त्याने पन्नासची परत लावली आणि रंगमंचाच्या मागच्या दाराने आत गेला.

शेवटच्या दृश्यात उजेड इतका उतरला, की मला कडी कुठे आहे आणि बाई कुठे आहेत ते कळेना. घाबरलो आणि फोकस कॅमेऱ्यावर सोपवला. बाई वळल्या. मी बटण दाबत राहिलो. पडदा पडला, परत वर गेला, सभागृहातले दिवे लागले, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, बाई वाकून नमस्कार करत होत्या. मी तसाच उभा.

घरी येताना ठरवलं होतं की फोटो बघायचे नाहीत. बघितले.

४ मार्च

बाईंचा फोन. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"फोटोवाले, दार फार सुरेख आलंय हो. कडी दिसते, खिळे दिसतात. रंगाऱ्याने मेहनत घेतली होती त्यावर, त्याला बरं वाटेल."

मी काहीतरी सांगायला लागलो, लेन्स मागे बघते वगैरे.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आता परत काही मी ते दार ओलांडणार नाही."

११ मार्च

नाट्यगृहाचं काम धाकट्याला दिलं. व्यवस्थापकांनी स्वतः सांगितलं, एवढी सभ्यता दाखवली. दौऱ्यावरही तोच जाणार आहे.

मी म्हणालो, उत्तम. छान दिवे धरतो तो.

२ एप्रिल

मोठी लेन्स विकायला काढली. काडी म्हणाला, "भावालाच द्या की, त्याच्याकडे जोडी जमेल." मी उचलून परत आणली. कपाटात ठेवली आहे. तिथे बुरशी लागेल म्हणतात. लागू दे.

ओळखपत्राच्या फोटोंची बरी गर्दी असते. एकच लेन्स, एकच पडदा, एकच दिवा. काही ठरवावं लागत नाही.

१८ मे

बाईंचं पुस्तक आलं. त्यांनी माणसाबरोबर घरी पाठवलं, आत सही केलेली. जेवण झाल्यावर बायको आणि मी टेबलाशी बसून बघितलं. जुने फोटो सगळे आमचे. तरुण बाई, राणीच्या वेषातल्या बाई, रडणाऱ्या, भांडणाऱ्या. एकेक चेहरा असा, की बघत राहावं. खाली फक्त स्टुडिओचं नाव. मी बायकोला सांगत होतो, हा पंच्याऐंशीने घेतला, हा झूमने, हा बघ किती जवळ जाऊन. ती म्हणाली, "आणि लेन्स कोण निवडायचं?"

मी पान उलटलं.

मुखपृष्ठावर एक जुनाच फोटो वापरला आहे. शेवटच्या प्रयोगाचा एकच आहे, अगदी शेवटच्या पानावर, आणि तो माझा नाही. खाली धाकट्याचं नाव आहे, त्याचं एकट्याचं, पहिल्यांदा. रंगमंचाच्या मागून, नेपथ्याच्या आडून, पन्नासच्या साध्या लेन्सने काढलेला. बाई वाकलेल्या, पाठमोऱ्या, आणि पलीकडे दिवे लागलेलं सगळं सभागृह.

मी जाणकाराच्या नजरेने बघायला गेलो. फोकस चुकलाय असं म्हणणार होतो, कारण बाई पुसट आहेत. टाळ्या वाजवणारे लोकही पुसट आहेत. मग दिसलं. बाजूच्या वाटेत, मधल्या रांगेपाशी, स्टँडला टेकून एक म्हातारा माणूस उभा आहे. त्या सगळ्या फोटोत तेवढा एकच स्पष्ट आहे. त्याचे डोळे दिसतात, शर्टाचं सुटलेलं बटण दिसतं. उजवा हात कॅमेऱ्यावर आहे. डावा हात मागे गेला आहे, तळवा वर, बोटं उघडी.

असा मी हात केला होता हे मला आठवत नाही. माझ्या मागे कोणीच नव्हतं. वाट मोकळी होती.

बायकोने चष्मा पुसून घातला आणि पान जवळ ओढलं. "हे तुम्ही ना? काय मागताय हो?"

मी म्हणालो, "काही नाही."

सत्तर-दोनशेची मागत होतो, असं सांगणार होतो. पण ती तर कॅमेऱ्याला लावलेलीच होती.